कौर सिंग : महंमद अलींसमोर उभा राहिलेला भारतीय हेवीवेट

भारतीय मुष्टियुद्धात हेवीवेट गटाची परंपरा हवासिंग यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील सुवर्णपदकांनी उभी केली. ती पुढे नेणारे मुष्टियोद्धे म्हणजे पंजाबच्या संगरूर जिल्ह्यातील खनाल खुर्द गावचे कौर सिंग.

शेतकरी कुटुंबात वाढलेले कौर सिंग १९७१ मध्ये लष्करात दाखल झाले. मुष्टियुद्धाकडे मात्र ते १९७७ च्या सुमारास, म्हणजे बऱ्याच उशिरा वळले. १९७९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि पुढील वर्षी मुंबईत झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेतही ते सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार आणि १९८३ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकनंतर त्यांनी हातमोजे उतरवले.

त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र एका प्रदर्शनीय लढतीमुळे. तीन वेळा व्यावसायिक हेवीवेट जगज्जेते ठरलेले महंमद अली जानेवारी १९८० मध्ये भारतात आले होते. दिल्लीत कौर सिंग त्यांच्याशी चार फेऱ्या खेळले. या लढतीत पदक पणाला नव्हते. तरी अलींसमोर रिंगणात उभे राहण्याचा मान मोजक्याच भारतीयांना लाभला.

व्यावसायिक आणि हौशी मुष्टियुद्धातील अंतरही त्या रिंगणात स्पष्ट दिसत होते. अलींना एकेका लढतीसाठी लक्षावधी डॉलर मिळत. कौर सिंग यांच्या काळात भारतीय मुष्टियोद्ध्यापुढे तसा मार्गच नव्हता. लष्कराची नोकरी हाच त्यांचा आधार होता. ऑलिंपिक पदकविजेते विजेंदर सिंग व्यावसायिक रिंगणात उतरले ते २०१५ मध्ये.

निवृत्तीनंतर कौर सिंग गावी शेती करू लागले. २०१७ मध्ये हृदयविकाराच्या उपचारांसाठी त्यांना कर्ज काढावे लागल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांची आठवण देशाला पुन्हा झाली. त्यानंतर केंद्र सरकारने पाच लाख रुपयांचे साहाय्य मंजूर केले. पुढे त्यांच्या जीवनावर पंजाबी चित्रपट निघाला आणि पंजाबच्या शालेय पाठ्यपुस्तकातही त्यांच्या कारकिर्दीला स्थान मिळाले.

२७ एप्रिल २०२३ रोजी हरियाणातील कुरुक्षेत्र येथे उपचारांदरम्यान त्यांचे निधन झाले.