माकड, आजोबा आणि बिशप

३० जून १८६०, शनिवार. ऑक्सफर्डच्या नव्या विद्यापीठ संग्रहालयात ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाची बैठक भरली होती. डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ निघून सात महिने झाले होते. स्वतः डार्विन आजारपणामुळे हजर नव्हता. जॉन विल्यम ड्रेपरचा लांबलचक निबंध संपल्यावर ऑक्सफर्डचा बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स बोलायला उठला. पुढची कथा अनेकांनी ऐकलेली असते. बिशपने थॉमस हक्सलेला विचारले, माकडाशी आपले नाते आजोबांकडून की आजीकडून? हक्सले उत्तरला, बुद्धी आणि वजन असूनही गंभीर चर्चेत थट्टा घुसडणाऱ्या माणसापेक्षा माकड आजोबा असलेला मला चालेल. टाळ्या झाल्या, विज्ञान जिंकले, धर्म हरला.

कथा छान आहे, पण तिचे कागद तपासले की ती जरा डळमळते. त्या दिवशीच्या भाषणांची शब्दशः नोंद कोणी ठेवली नाही. 'अथेनियम' साप्ताहिकाच्या वृत्तांतात ही चकमक नाही. सर्वांत रंगतदार वर्णन छापून आले ते १८९८ साली, ३८ वर्षांनी, एका मासिकातल्या आठवणींत. हक्सलेने त्याच वर्षी सप्टेंबरात मित्राला लिहिलेल्या पत्रात आपले उत्तर आहे, म्हणजे प्रसंग बनावट नव्हे. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने दोनच दिवसांनी डार्विनला कळवले, की हक्सलेचा आवाज सभागृहात पोचला नाही आणि बिशपला खरे उत्तर आपण दिले. आपापल्या पत्रात जो तो जिंकलेला दिसतो.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: सत्य शोधण्यासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करणारी वितंडा. ऑक्सफर्डच्या त्या दोन वाक्यांना जल्पापलीकडे नेता येत नाही. आजोबा-आजीचा प्रश्न हा युक्तिवादच नव्हता, निव्वळ चेष्टा होती. हक्सलेचे उत्तर कितीही झणझणीत असले तरी ते माणसाला होते, मुद्द्याला नव्हते. बिशप उद्धट ठरला म्हणून जीवजाती बदलतात हे सिद्ध होत नाही. टाळ्या मात्र याच वाक्याला मिळाल्या आणि स्मरणातही तेच राहिले.

बिशप अडाणी नव्हता; ऑक्सफर्डमध्ये गणितात प्रथम वर्ग मिळवलेला माणूस होता तो. 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'त निनावी छापून आलेला त्याचा प्रदीर्घ लेख वाचावा. पारवे पाळणाऱ्यांनी नाना जाती काढल्या, पण सगळी कबुतरेच राहिली. इजिप्तच्या ममींमधले प्राणी आजच्यासारखेच दिसतात. भिन्न जातींची संकरित संतती वांझ निघते. लेख हुशारीने लिहिला आहे आणि आपली सर्वांत तर्काधारित ठिकाणे त्याने नेमकी हेरली आहेत, हे खुद्द डार्विनने हूकरला पत्रात मान्य केले. हक्सलेलाही एक शंका होतीच: एकाच मूळ जातीपासून परस्परांशी संकर न होणाऱ्या दोन जाती माणसाने निपजवून दाखवल्याशिवाय पुरावा पुरा होत नाही, असे तो म्हणे. बिशपच्या आक्षेपापासून हे फार दूर नाही. कथेत याचा मागमूस नसतो.

मग बिशपचे चुकले कुठे? एक, ममींच्या बाबतीत. काही हजार वर्षांत फरक दिसला नाही म्हणून कधीच पडत नाही, हे वडाकडे दुपारभर बघून तो वाढत नाही म्हणण्यासारखे आहे. दुसरी चूक मोठी. लेखात तो बजावतो, की निसर्गातल्या वस्तुस्थितीला धर्मग्रंथाशी जुळत नाही म्हणून विरोध करणे बरे नव्हे. आणि त्याच लेखात पुढे म्हणतो, की माणूस पशूपासून आला हे आत्मा, वाणी आणि तारण यांविषयीच्या ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत आहे. परिणाम नकोसा, म्हणून विधान खोटे! दाराने घालवलेला पाहुणा खिडकीतून आत घेतला.

पण मला सर्वांत खटकतो तो नंतर रुजलेला दोष: एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला विज्ञान, मधे कोणीच नाही. त्या सभेचा अध्यक्ष जॉन हेन्स्लो होता, केंब्रिजमधला डार्विनचा गुरू, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि शिवाय चर्चचा धर्मगुरू. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, ऑक्सफर्डमध्येच फ्रेडरिक टेम्पलने विज्ञान आणि धर्म यांच्या संबंधावर प्रवचन केले आणि देव निसर्गनियमांत पाहावा, ज्ञानातल्या फटींत नव्हे, असा त्याचा रोख होता. हाच टेम्पल १८९६ साली कँटरबरीचा आर्चबिशप झाला. उलट रिचर्ड ओवेन हा शरीररचनाशास्त्रज्ञ डार्विनचा कडवा विरोधक होता. दोन फळ्यांत ही माणसे बसत नाहीत. बसवली ती पुढे, १८७४ सालच्या धर्म-विज्ञान संघर्षाच्या इतिहासाने, आणि त्याचा लेखक म्हणजे त्या शनिवारी निबंध वाचणारा ड्रेपरच.

डार्विनच्या सिद्धान्तात खरी उणीव होती ती आनुवंशिकतेची. पाच वर्षांनी ब्रनो इथल्या ऑगस्टिनियन मठातल्या ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग वाचून दाखवले. त्यांचे महत्त्व लोकांना १९०० साली कळले. मठातला माणूस होता म्हणून मेंडेलला श्रद्धेच्या बाजूचा साक्षीदार करणारे वक्तेही असतात. हाही हेत्वाभासच. दुसऱ्या पिढीत गोल आणि सुरकुतलेले वाटाणे साधारण तीनास एक निघाले, ते मठाबाहेरही तसेच निघतात.