डीएचसीपी रिले: तळमजल्यावरचा सर्व्हर तिसऱ्या मजल्याला आयपी पत्ता कसा देतो?

हैदराबादच्या आबिड्समध्ये खाली दुकानं, वर कार्यालयं अशा इमारती बऱ्याच. समजा, अशा इमारतीत प्रत्येक मजल्याचं नेटवर्क वेगळं आहे आणि आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर एकच, तोही तळमजल्यावर.

तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला की तो २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर हाक देतो: मला पत्ता हवाय. ही हाक त्याच मजल्यापुरती राहते. राउटर ती पुढे सोडत नाही.

राउटरवर रिले चालू असेल, तर तो ही विनंती थेट सर्व्हरकडे पाठवतो आणि सोबत त्या मजल्याकडचा स्वतःचा पत्ता जोडतो. त्यावरून सर्व्हरला मजला कळतो. त्याच मजल्याच्या साठ्यातला पत्ता तो ठराविक मुदतीसाठी देतो.

रिलेची कल्पना १९८५ च्या बूट-पीपासूनची. डीएचसीपी १९९३ मध्ये आला.

लक्षात ठेवा: एकाच मजल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसतायत आणि बाकी मजले ठीक आहेत, तर सर्व्हर बदलायची घाई नको. आधी रिलेमध्ये सर्व्हरचा पत्ता बरोबर आहे का ते बघा; मग त्या मजल्याचा साठा संपलाय का, तेही तपासा.