१९४६ चा नाविक उठाव आणि बंडाची कायदेशीर व्याख्या

दि. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या संदेशवहन-प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी अन्न नाकारले आणि कामावर जाण्याचे थांबविले. आपल्या कृतीस त्यांनी ‘संप’ म्हटले. पुढे निवडलेल्या मध्यवर्ती समितीनेही तेच नाव चालविले. नाविक कायद्यास मात्र हा शब्द मान्य नाही. गिरणीकामगारांचा संप हा कामगार कायद्याचा विषय होतो. गणवेशधारी माणसांनी संगनमताने काम नाकारले की ते बंड होते.

त्यावेळी मूळचा १८६६ चा ब्रिटिश नाविक शिस्त कायदा हिंदी नौदलास लागू होता; तो १९३४ च्या भारतीय नौदल (शिस्त) कायद्याने काही फेरफारांसह येथे आणला होता. बंड म्हणजे काय, हे या कायद्याने सांगितलेच नाही. त्याने भेद केला तो हिंसेवरून. बंड सशस्त्र झटापटीचे वा अन्य हिंसक स्वरूपाचे असेल, तर त्यात सामील होणारा प्रत्येकजण मृत्युदंडास पात्र. ते अहिंसक असेल, तर मृत्युदंडाचे भय मुख्यतः म्होरक्यांना. इतरांस कारावास किंवा त्याहून सौम्य शिक्षा. शिवाय बंड मोडण्यासाठी सर्वतोपरी प्रयत्न न करणाऱ्यासही शिक्षा होती. तटस्थ नाविक या कायद्यास ठाऊक नव्हता, आणि ‘तलवार’वर अशांची संख्या थोडी नसावी.

प्रारंभीच्या दिवसांत उठाव अहिंसकच होता. निकृष्ट अन्न, अपुरे वेतन आणि कमांडर किंग यांची अपमानास्पद भाषा या तक्रारींबरोबरच आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तता व इंडोनेशियातील हिंदी सैन्य परत बोलावणे याही मागण्या होत्या. ठाण्यानजीक कोलशेत येथील ‘अकबर’ हे केंद्रही उठावात सामील झाले. २१ फेब्रुवारीस कॅसल बरॅक्समध्ये दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला आणि प्रकरणाची कायदेशीर जात पालटली. पहिली गोळी कोणाची, हा वाद इतिहासकारांना महत्त्वाचा वाटणे साहजिक आहे. कलमाच्या शब्दांत त्यास फारसे स्थान दिसत नाही.

वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीस नाविकांनी शरणागती पत्करली. सूड घेतला जाणार नाही, या आश्वासनाचे पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे: फाशी कोणासही झाली नाही, परंतु शेकडोंना अटक होऊन नौदलातून काढून टाकण्यात आले. फाळणीनंतर भारत वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याच नौदलाने त्यांस परत घेतले नाही.

स्वतंत्र भारताने १९५७ च्या नौदल अधिनियमात प्रथमच स्पष्ट व्याख्या केली. (१९५० च्या भूसेना अधिनियमात बंडास शिक्षा आहे, व्याख्या नाही.) कलम ४२ नुसार दोन वा अधिक व्यक्तींनी कायदेशीर अधिकारसत्ता उलथविण्यासाठी वा तिला विरोध करण्यासाठी, शिस्तीस बाधक होईल अशा रीतीने तिची अवज्ञा वा अवमान करण्यासाठी, किंवा सेवेत अडथळा आणण्यासाठी केलेले संगनमत म्हणजे बंड. एकट्याची आज्ञाभंगाची कृती यात येत नाही. कलम ४३ ने मात्र हिंसक-अहिंसक हा भेद टाकून दिला. सामील होणाऱ्या सर्वांस एकच कमाल शिक्षा ठेवली. त्याच वर्षी ब्रिटनने आपला नाविक कायदा नव्याने केला. त्यात हिंसा आणि शत्रूविरुद्धच्या कामातील कुचराई यांना वेगळे स्थान कायम राहिले, आणि १९९८ मध्ये तेथील लष्करी गुन्ह्यांचा मृत्युदंडही रद्द झाला. आपल्या कलम ४३ ची कसोटी लावली, तर १८ फेब्रुवारीच्या सकाळी केवळ ताटावरून उठलेला सामान्य नाविकही मृत्युदंडाच्या कक्षेत येतो. १८६६ च्या कायद्याखाली तो त्या दिवशी तरी कारावासाच्याच कक्षेत होता.