निजामी कोतवाली, रझाकार आणि सुंदरलाल अहवाल

निजामाच्या हैदराबाद संस्थानात पोलीस खात्याला कोतवाली म्हणत आणि ठाण्याच्या अधिकाऱ्याला अमीन. आजचा शिरूर अनंतपाळ तालुका ज्या निलंगा-उदगीर पट्ट्यात येतो, तो पट्टा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. इथल्या रयतेला सरकार भेटे ते अमिनाच्या रूपाने. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण 53’ प्रमाणे आधी परवानगी लागे. मग जुलमाची तक्रार चारचौघांत मांडायची कुठे?

1947-48 मध्ये लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या रझाकार या सशस्त्र स्वयंसेवक दलाने गावे लुटली, जाळली. पोलिसांनी अनेक ठिकाणी त्यांना आवरले नाही, उलट साथ दिली. खाकीवरचा उरलासुरला विश्वास तेव्हा संपला. गोरटा गावातले हत्याकांड आणि हत्तीबेटावरची शेतकऱ्यांची झुंज या भागात आजही सांगितली जाते.

13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या भारतीय लष्कराच्या ‘पोलीस ॲक्शन’ने ती राजवट संपली. त्यानंतरच्या दिवसांबद्दल मात्र गावे बोलत नाहीत. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरात 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मृतांत बहुसंख्य मुस्लिम होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचली. लातुरात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली, असे समितीने नोंदवले. हल्लेखोर प्रामुख्याने स्थानिक जमाव होते. पण काही ठिकाणी लष्कर आणि पोलिसांतील माणसेही लुटीत व हत्यांत सामील असल्याच्या साक्षी समितीपुढे आल्या. सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. तो अभ्यासकांना दिल्लीत खुलेपणाने पाहता येऊ लागल्याची बातमी आली 2013 मध्ये.

हा इतिहास दबून राहण्याला सरकारच्या मौनाइतकेच समाजाचे मौनही कारणीभूत आहे. अमिनाच्या जुलमाचा राग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांनीच मुक्तीनंतरच्या गणवेशाला जाब विचारला नाही, कारण या वेळी बळी गेलेले लोक परके मानले गेले. याउलट, ब्रिटनमध्ये 1989 च्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावरील चेंगराचेंगरीचा दोष पोलिसांनी प्रेक्षकांवर ढकलला होता. लिव्हरपूल शहरातील मृतांच्या कुटुंबांनी 27 वर्षे पाठपुरावा केला आणि 2016 मध्ये ज्यूरीने त्या मृत्यूंना बेकायदा मनुष्यवध ठरवले. ते सारे शहर मृतांना आपले मानत होते.

मराठवाड्यात 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी शाळांतून रझाकारांचे अत्याचार सांगितले जातात, आणि ते सांगितलेच पाहिजेत. सुंदरलाल समितीचा अहवालही त्याच वर्गात शिकवला जायला हवा.