भाषानिमज्जन-शाळेतील समुपदेशक : एका भूमिकेचा इतिहास

सहासात वर्षांचे मूल वाचनात मागे पडू लागले, वर्गात गप्प बसू लागले किंवा सकाळी शाळेत जाण्यास नाखूष दिसू लागले, म्हणजे त्याचे कारण शोधण्याची जबाबदारी शिक्षक, पालक आणि शाळेचा समुपदेशक यांच्यावर येऊन पडते. घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच असेल तेथे हा शोध तुलनेने सरळ असतो. परंतु ज्या शाळेत मुलाला हेतुपुरस्सर परभाषेतूनच सर्व विषय शिकविले जातात, तेथे एक प्रश्न अधिक उभा राहतो : अडचण मुलाची आहे की भाषेची? अशा शाळांना इंग्रजीत ‘इमर्शन’ शाळा म्हणतात. मराठीत त्यांना भाषानिमज्जन-शाळा म्हणता येईल. उत्तर अमेरिकेतील या शाळांचा १९६५ पासूनचा इतिहास पाहिला, तर समुपदेशकाची भूमिका या एकाच प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांबरोबर बदलत गेलेली दिसते.

समुपदेशकाचे पद मुळात प्राथमिक शाळेसाठी निर्माण झालेले नव्हते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शालेय मार्गदर्शनाचा उगम व्यवसायमार्गदर्शनात आहे. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे जे व्यवसायकेंद्र उघडले, त्याचा हेतू तरुणांना आपल्या गुणांस अनुरूप काम निवडण्यास साहाय्य करणे हा होता. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यानंतर अमेरिकन काँग्रेसने १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण अधिनियम संमत केला. या एकाच अधिनियमाने एकीकडे परभाषांच्या अध्यापनास द्रव्यसाहाय्य दिले आणि दुसरीकडे माध्यमिक शाळांतील चाचण्या व मार्गदर्शन यांस. १९६४ च्या दुरुस्तीने मार्गदर्शनाची तरतूद प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचविली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या अधिनियमाच्या दृष्टीने समुपदेशकाचे प्रधान कार्य चाचण्यांच्या आधारे बुद्धिमान विद्यार्थी हेरून काढणे हे होते. निवड करण्याची ही सवय पदाबरोबरच प्राथमिक शाळेत आली, आणि पुढे निमज्जन-शाळांत तिचे परिणाम जाणवले.

त्यात भर पडली ती द्विभाषिकतेविषयीच्या जुन्या संशयाची. डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्समधील सुमारे १,४०० मुलांच्या परीक्षणावरून असे प्रतिपादन केले की, ग्रामीण भागातील द्विभाषिक मुले बुद्धिमापनात एकभाषिक मुलांहून मागे असतात. शहरी मुलांत असा फरक आढळला नव्हता. तरीही दोन भाषांचा भार बालबुद्धीस पेलत नाही, ही समजूत शिक्षकवर्गात रूढ झाली. वस्तुत: अशा अनेक अभ्यासांत मुलांच्या सामाजिक व आर्थिक स्थितीतील भेद पुरेसा विचारात घेतला गेलेला नव्हता. माँट्रिअल येथील मॅक्‌गिल विद्यापीठातील एलिझाबेथ पील व वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये समान आर्थिक स्तरातील दहा वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. तीत फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांवर प्रभुत्व असलेली मुले शाब्दिक आणि अशाब्दिक अशा दोन्ही प्रकारच्या बुद्धिमापन-चाचण्यांत सरस ठरली.

या निष्कर्षाला लवकरच एका प्रत्यक्ष शाळेची जोड मिळाली. माँट्रिअलजवळील सेंट लॅम्बर्ट या उपनगरातील काही इंग्रजीभाषी पालक १९६३ मध्ये एकत्र आले. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषेचे सार्वजनिक स्थान वेगाने उंचावत होते, आणि आपली मुले शाळेत अनेक वर्षे फ्रेंच शिकूनही शेजाऱ्याशी बोलू शकत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. शाळामंडळ प्रारंभी अनुकूल नव्हते. पालकांनी लॅम्बर्ट आणि त्याच विद्यापीठातील प्रख्यात मेंदुशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांचा सल्ला घेतला. सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा पहिला बालवर्ग सुरू झाला. बालवर्गात व पहिलीत सर्व शिक्षण फ्रेंचमधून होई. इंग्रजी वाचनलेखन दुसरीपासून सुरू होई आणि पुढे त्याचा वाटा वाढत जाई. प्रारंभी मुले आपसांत व शिक्षिकेशी इंग्रजीत बोलत. शिक्षिका ते समजून घेऊन उत्तर मात्र फ्रेंचमध्ये देत असे. लॅम्बर्ट व रिचर्ड टकर यांनी या मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९७२ मध्ये त्याचा वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पहिलीच्या अखेरीस ही मुले इंग्रजी वाचनात मागे होती. इंग्रजीचे अध्यापन सुरू झाल्यावर ती तूट भरून निघाली.

या प्रयोगात मानसशास्त्रज्ञ सल्लागाराच्या आणि परीक्षकाच्या नात्याने प्रथमपासून उपस्थित होता. पहिलीच्या वर्षातील तूट पाहून पालक अस्वस्थ झाले, तर ती अपेक्षित व तात्पुरती आहे, हे पुराव्यानिशी सांगणारे कोणीतरी हवे होते. निमज्जन-शाळेतील समुपदेशकाचे पहिले कार्य येथे स्पष्ट होते : विलंब आणि वैगुण्य यांतील भेद पालकांस समजावून देणे.

परंतु हे वर्ग कॅनडाभर पसरू लागले आणि सर्व प्रकारची मुले त्यांत येऊ लागली, तेव्हा कठीण प्रसंग उपस्थित झाला. ज्या मुलाला फ्रेंचमधून वाचताच येत नाही, त्याचे काय करावे? ओटावा येथील रोनल्ड ट्राइट्स यांनी १९७० च्या दशकात असे मत मांडले की, काही मुलांत मेंदूच्या विशिष्ट भागाची परिपक्वता उशिरा येते. अशी मुले आधीच ओळखून त्यांना इंग्रजी वर्गात पाठविणे हितावह होय. हा सल्ला समुपदेशकाला सोयीचा होता, कारण तो त्याला परिचित असे निवडीचे कामच देत होता. मुलाला बाहेर काढले की शाळेची अडचण संपत असे. मुलाची संपते की नाही, हे मात्र कोणी पाहावयाचे होते.

ते माँट्रिअल येथील मॅगी ब्रुक यांनी पाहिले. भाषिक विकासात अडथळा असलेल्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला. निमज्जन वर्गातील अशी मुले इंग्रजी माध्यमातील तशाच मुलांपेक्षा मागे नव्हती. शिवाय त्यांना फ्रेंच काही अंशी अवगत झालेली होती. ब्रुक यांच्या १९८५ च्या अभ्यासात आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. वर्ग सोडून गेलेल्या मुलांइतकीच अभ्यासात कच्ची असलेली काही मुले त्याच वर्गांत टिकून होती. या दोन गटांतील भेद गुणांत नव्हता, तर मुलाच्या मनोवृत्तीत आणि वर्तनात होता. सोडून जाणारी मुले शाळेत दु:खी होती. आणि माध्यम बदलल्याने त्यांच्या अभ्यासातील अडचणी आपोआप नाहीशा झाल्या नाहीत. फ्रेड जेनेसी यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते की, सामान्याहून कमी बुद्ध्यंक असलेली मुले निमज्जनामुळे इंग्रजीत अधिक मागे पडत नाहीत. या संशोधनाने समुपदेशकासमोरील प्रश्नाचे रूपच पालटले. ‘हे मूल या भाषेस योग्य आहे काय?’ याऐवजी ‘या मुलाला येथे कोणते साहाय्य मिळत नाही आणि त्याला येथे कसे वाटते?’ असे विचारणे आवश्यक झाले. माध्यमबदलाचा सल्ला सर्वथा त्याज्य ठरला असे नव्हे; तो देण्यापूर्वी सिद्ध करावयाच्या गोष्टी मात्र वाढल्या.

संयुक्त संस्थानांत हाच प्रश्न न्यायालयाच्या मार्गाने आला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे सेंट लॅम्बर्टच्या धर्तीवर इंग्रजीभाषी मुलांसाठी स्पॅनिश निमज्जन-वर्ग निघाला. त्याच्या एक वर्ष आधी याच राज्यात नऊ स्पॅनिशभाषी मुलांच्या वतीने ‘डायाना’ या नावाने ओळखला जाणारा दावा लढविला गेला होता. इंग्रजीतील बुद्धिमापनावरून या मुलांना मतिमंदांच्या वर्गांत टाकण्यात आले होते. स्पॅनिशमधून पुन्हा परीक्षा घेतल्यावर त्यांतील बहुतेक तेथे बसण्यास पात्र नाहीत असे आढळले. मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतून झाली पाहिजे, हे तत्त्व तडजोडीत मान्य झाले आणि १९७५ च्या संघीय कायद्यात समाविष्ट झाले. पुढे १९८४ मध्ये कॅनडातील जिम कमिन्स यांनी चारशेहून अधिक स्थलांतरित मुलांच्या मानसशास्त्रीय तपासणीची कागदपत्रे पाहून दाखविले की, मूल मैदानावर सफाईने बोलते एवढ्यावरून त्याची भाषा अभ्यासास पुरेशी झाली असे गृहीत धरले जाते, आणि मग त्याचे मागे पडणे बुद्धीच्या खाती जमा होते.

सेंट लॅम्बर्टच्या मुलाची घरची भाषा समाजात प्रबळ होती. डायाना दाव्यातील मुलांची तशी नव्हती. लॅम्बर्ट यांनी पहिल्या प्रकारास भर घालणारी आणि दुसऱ्यास वजाबाकी करणारी द्विभाषिकता असे म्हटले. एकाच्या पालकांना धीर देणारा सल्ला दुसऱ्याच्या पालकांना देणे, हे म्हणूनच अन्यायाचे होऊ शकते.

हवाईमधील शाळांनी या विचारात तिसरा पैलू आणला. तेथे १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले होते. १९८४ मध्ये पालकांनी व भाषाप्रेमींनी पहिली हवाईयन शिशुशाळा काढली, १९८६ मध्ये निर्बंध उठला आणि १९८७ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत निमज्जन-वर्ग सुरू झाले. येथे शाळेची भाषा पूर्वजांची, तर बहुसंख्य मुलांच्या घरची भाषा इंग्रजी. घाबरलेल्या मुलाशी समुपदेशक इंग्रजीत बोलला, तर संकटाच्या वेळी उपयोगी पडते ती इंग्रजीच, असा धडा शाळाच देते. आणि हवाईयनचाच आग्रह धरला, तर मुलाचे दु:ख शब्दांवाचून राहण्याचा संभव असतो. सेंट लॅम्बर्टच्या शिक्षिकेची रीत येथे मार्ग दाखविते : मुलाने सुचेल त्या भाषेत बोलावे, मोठ्याने ते समजून घ्यावे, आणि शाळेच्या भाषेत उत्तर देण्याची घाई त्या क्षणी करू नये. त्यासाठी समुपदेशकाला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. एकच भाषा जाणणाऱ्या समुपदेशकापुढे मुलाचे अर्धे जीवन झाकलेले राहते.

सारांश, निवड करणारा अधिकारी म्हणून आरंभ झालेले हे पद निमज्जन-शाळेत येऊन साहाय्यकाचे झाले. हा बदल नियमाने घडला नाही. चुकीच्या सल्ल्यांनी बाहेर गेलेल्या आणि चुकीच्या चाचण्यांनी वेगळ्या वर्गांत बसविलेल्या मुलांच्या अनुभवातून तो घडला. मुलाची अडचण दोन्ही भाषांत तपासल्यावाचून ती भाषेची म्हणू नये आणि मुलाचीही म्हणू नये, एवढे शहाणपण त्यातून हाती आले आहे. आजही एखाद्या शाळेत ‘हे माध्यम याला झेपणार नाही’ असे वाक्य पालकांच्या कानी पडते, तेव्हा ते वाक्य कोणत्या भाषेतील कोणत्या परीक्षेच्या आधारे उच्चारले गेले, हे विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाला क्रमप्राप्त ठरते.