लांबलं म्हणजे काय?

आपल्या बुऱ्हाणपुरात पाहुणे आले की आपण त्यांना शाही किल्ला दाखवतो, तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्याकडे बोट करतो आणि मुमताजची गोष्ट सांगतो. गोष्ट बहुधा प्रेमाची असते. मी पेशाने डॉक्टर, त्यामुळे मला ती एका इंग्रजी शब्दापाशी थांबवते : प्रोलॉन्ग.

इतिहास आपणांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. खानजहान लोदीच्या बंडामुळे शाहजहान १६३० मध्ये येथे येऊन राहिला. दख्खनमध्ये दुष्काळ होता. १७ जून १६३१ रोजी मुमताज येथेच चौदाव्या बाळंतपणात वारली. वय ३८, लग्नाला १९ वर्षे झालेली. मुलगी गौहरआरा जगली. कळा सुमारे तीस तास चालल्या आणि मागाहून रक्तस्राव आवरला नाही, असे सांगतात. देह जैनाबादच्या बागेत ठेवला होता. डिसेंबरात शाहजादा शुजाबरोबर तो आग्ऱ्याला गेला.

आमच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात अशा बाळंतपणाला ‘प्रोलॉन्ग्ड लेबर’ म्हणतात. शब्द लॅटिनमधला, ‘पुढे’ आणि ‘लांब’ यांच्या जोडणीतून आलेला. इंग्रजीत झग्याची उंची वाढवली तर लेंग्थन, तार ओढून बारीक केली तर इलॉन्गेट, रजा वाढवून मागितली तर एक्स्टेंड. प्रोलॉन्ग मुख्यतः काळासाठी, आणि तोही सुरू झालेल्या गोष्टीचा. जे सुरूच झाले नाही ते प्रोलॉन्ग होत नाही. ते पोस्टपोन होते.

आपल्या मराठीत या दोन्हींना एकच क्रियापद पुरते. सभा लांबली म्हणजे उशिरापर्यंत चालली. लग्न लांबलं म्हणजे झालेच नाही, पुढे गेले. (दागिने लांबवले म्हणजे चोरले, हे आणखी वेगळे. बातमीदारांचा हा लाडका शब्द.) ऐकणारा संदर्भाने समजून घेतो, आणि बहुतेक वेळा बरोबर समजतो.

एकदा मी चुकलो. पंचवीसेक वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, सकाळी गावाकडून फोन आला. “डॉक्टरसाहेब, सुनेचं बाळंतपण लांबलं हो.” मला वाटले, दिलेली तारीख उलटली. म्हटले, “काका, घाबरू नका, दोन-चार दिवस इकडे-तिकडे होतातच.” संध्याकाळी पुन्हा फोन आला तेव्हा कळले की कळा आदल्या रात्रीपासून चालू होत्या. तेव्हा मी गाडी करून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवायला सांगितले. बाई वाचली, मूल वाचले नाही. काकांनी मला कधी बोल लावला नाही. त्यांनी शब्द बरोबरच वापरला होता.

आता पुन्हा १६३१ कडे चला. बादशहाच्या घरी हकीम-दायांची वाण नव्हती. दरबारात घटका मोजून तास वाजवणारे होते. पण कितव्या घटकेला काळजी करावी, ही रेघ कोणी आखलेली नव्हती. ती फार उशिरा आली. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, बाळंतिणीच्या तक्त्यावर सावधानतेची रेषा ओढली : प्रसूतीची प्रगती या रेषेमागे पडली की बाईला मोठ्या दवाखान्यात हलवण्याचा विचार करा. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकात पहिल्या दोन टप्प्यांना मिळून १८ तासांची मर्यादा होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचनांनुसार, आधी बाळंत झालेल्या बाईच्या पहिल्या टप्प्यातील जोराच्या कळांचा काळ सहसा १० तासांपलीकडे जात नाही. हे आकडे चौदाव्या खेपेच्या बाईपुढे ठेवून पाहा. इतक्या बाळंतपणांनी थकलेले गर्भाशय लांबलेल्या कळांनंतर नीट आवळत नाही, आणि रक्त वाहत राहते. मुमताजचे असेच झाले असावे, असा माझा कयास.

आपल्या आज्या यासाठी ‘अडली’ म्हणत. शब्द नेमका होता, कानावर पडताच माणसे बैलगाडी जुंपत. शहरी झाल्यावर आपण तो गावंढळ म्हणून टाकला आणि ‘लांबलं’ हा सौम्य शब्द धरला.

त्या पावसाळ्यापासून मला कोणी ‘लांबलं’ म्हटले की मी आधी विचारतो : कळा सुरू झाल्या का? किती वाजता?