स्टिअरिंग कुणाच्या हाती?

भंडारा, लाखनी, साकोलीवरून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. पण ड्रायव्हरच्या जागी बाई आपल्याला क्वचितच दिसते.

1979 साली अमेरिकेत टीव्हीवर ‘फ्लॅटबेड अ‍ॅनी अँड स्वीटीपाय’ हा सिनेमा लागला. कर्जावरचा ट्रक हातचा जाऊ नये म्हणून दोघी बाया तो चालवतात, अशी त्याची गोष्ट. ती पडद्यावरची झाली. आपल्या महाराष्ट्राच्या लेकीची गोष्ट खरी आहे.

योगिता रघुवंशी मूळच्या नंदुरबारच्या. कायद्याचं शिक्षण घेतलेल्या. लग्न होऊन भोपाळला गेल्या. 2003 मध्ये नवरा अपघातात गेला. पदरी दोन लेकरं आणि मागे ट्रकचा धंदा. ड्रायव्हर ठेवला, तर हैदराबादजवळ ट्रकला अपघात झाला आणि तो पळून गेला. मग त्या स्वतःच ट्रक शिकल्या, माल घेऊन पार केरळपर्यंत जाऊ लागल्या.

सरकारी गाडीवर बाई यायला त्याहून उशीर लागला. एसटी 1948 पासून धावते. महिला ड्रायव्हरांचं प्रशिक्षण 2019 मध्ये सुरू झालं. 2023 मध्ये अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा बस चालवली, तेव्हा एसटीला पहिली महिला ड्रायव्हर मिळाली. मधे 75 वर्षं गेली!

आम्हाला वाटतं, हा हिशोब आपल्या बचत गटातही मांडावा. गाडीच्या कर्जाच्या कागदावर सही आपली, हप्ता आपण भरतो. मग लायसनवर नाव आपलं का नसावं?